भेंट

पोखर्णीच्या नृसिंहाचं दर्शन घेऊन बाहेर आलो आणि भाचीच्या लग्नात द्यायला स्टीलचा डबा घेतला. नाव घालणारा म्हातारा म्हणाला, "कागदावर लिहून द्या, दादा." मी 'सप्रेम भेट' लिहिलं. पेन गळत होतं. 'भे'वर शाईचा एक ठिपका पडला. म्हाताऱ्यानं तोही इमानानं ठोकला. डब्यावर उमटलं, 'सप्रेम भेंट'.

परतीच्या गाडीत तो अनुस्वार बोटाखाली घोळवत बसलो. गंगाखेडच्या अलीकडे गोदावरीचा पूल आला, तेव्हा मन नदीच्या उलट दिशेनं थेट जोगलटेंभीला जाऊन पोचलं होतं.

दारणा जिथं गोदावरीला मिळते तिथलं हे गाव. १९०६ साली तिथं नहपान या क्षत्रप राजाची १३,२५० चांदीची नाणी सापडली. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसरीकडे बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरं. ग्रीक अक्षरांतली भाषा मात्र ग्रीक नाही. 'राञो क्षहरातस नहपानस' हे आपलं प्राकृतच परक्या लिपीत बसवलेलं. त्यातही 'नहपान'मधल्या 'ह'साठी कोरलेलं अक्षर ग्रीकांच्या लेखी स्वर होतं. 'ह' ते रोमनांच्या लेखी. कुणीतरी रोमचा दिनार उजेडात धरून न्याहाळला असेल, असं मला फार वाटतं. असे दिनार इकडे येतच होते. ऑगस्टसच्या नाण्यांच्या देशी नकलाही झाल्या आणि त्यांतली लॅटिन अक्षरं पार विस्कटली.

नहपानाच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरं गळतात, आडवी पडतात. ठसा कोरायचा तो उलटा. त्यात वाचता न येणारी लिपी! पुढच्या क्षत्रपांच्या काळात तर त्या अक्षरांची नुसती नक्षी उरली. अभ्यासक त्यांना 'भ्रष्ट' म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. शुद्ध अक्षरात राजा दिसतो. चुकलेल्या रेघेत तो वाकून बसलेला कारागीर दिसतो. याच ढिगातल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारला, तरी त्याच्या तीन कमानींच्या टेकडीखालून कुठं नहपानाचं नाक वर येतं, कुठं काठाला दोन वेडीवाकडी ग्रीक अक्षरं शिल्लक राहतात.

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. लग्नघरी सगळ्या भावकीची भांडी एकत्र व्हायची. पंगती उठल्या की घासलेल्या भांड्यांची रास अंगणात पडे आणि बायका नावं वाचून आपापली उचलत. आजी वाचायची नाही. तांब्याच्या गळ्याखाली अंगठा फिरवायची. कारागिराची छिन्नी एका जागी घसरून लांब ओरखडा उठला होता, तो लागला की म्हणायची, "हा माझा." पुढं राखेनं घासून घासून नाव पुसट झालं. ओरखडा तेवढा हाताला लागायचा.