एका वर्षाची अट

“बाबा, औषधसंशोधनासाठी बंगळूरला जाऊ?” मुलीने विचारले.

मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, “एक वर्ष बघू. नाही जमले तर मुकाट्याने परत!”

ती हसली. “तुमच्या दुर्गाबाईंची धाकटी बहीण ठाऊक आहे ना?”

दुर्गाबाई भागवत मी वर्षानुवर्षे शिकवतो. कमलाबाई सोहोनी मला लेकीने सांगितल्या. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना नाकारले. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एका वर्षाच्या अटीवर घेतले. वर्षअखेर अट गळाली. पुढे वनस्पतींच्या पेशीतले, श्वसनाला लागणारे ‘सायटोक्रोम सी’ शोधून १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या.

रामनना वर्ष लागले. मला मूर्तिजापूर स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत लागले. खिडकीशी चालता चालता म्हणालो, “अटबिट काही नाही, बेटा!”