न विणलेलं कापड

इचलकरंजी जवळ आली हे डोळे मिटलेले असले तरी कळतं. एसटीच्या खिडकीतून आधी आवाज आत शिरतो. खटाक्‌-खटक्‌, खटाक्‌-खटक्‌! गल्लोगल्ली माग. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी त्यांना उत्तेजन दिलं. तेव्हापासून पंचगंगेकाठचं हे गाव कापड विणतच आलं आहे.

पण जानेवारीतल्या एका कोरड्या, थंड सकाळी आमच्या सातवीच्या वर्गाची सहल तिथे गेली, ती न विणलेलं कापड पाहायला!

गावाबाहेरच्या एका शेडपाशी आम्ही उतरलो. आत मागांचा आवाज नाही. पांढऱ्या-निळ्या कापडाचे मुलांच्या उंचीचे गुंडाळे रांगेत उभे होते. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका कापड बेतत होत्या. इथे डॉक्टरांचे ऑपरेशनच्या वेळचे गाऊन आणि तोंडावरचे मास्क तयार होतात. देखरेख करणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. त्यांची तीस वर्षं मागावर गेलेली.

"याला नॉनवोव्हन म्हणायचं," मामा म्हणाले. "यात उभा धागा नाही न्‌ आडवाही नाही. पॉलिप्रोपिलिन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवायचे, शेवयांसारखे बारीक भोकांतून दाबून बाहेर काढायचे, त्या तंतूंचा थर पसरायचा आणि गरम रुळांखाली दाबायचा. झालं कापड! ते गुंडाळे आम्ही बाहेरून आणतो."

गाऊनच्या कापडात असे तीन थर असतात. बाहेरचे दोन दणकट. मधल्या थराचे तंतू मात्र फक्त 1 ते 5 मायक्रॉन जाडीचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. आता करा हिशेब! या दाट जाळीतून रुग्णाचं रक्त डॉक्टरांच्या अंगापर्यंत पोचत नाही.

मामा बोलत होते तेवढ्यात आमच्या एका वीराने गुंडाळ्यावरून कापड ओढून पाहिलं. हातावरचे केस ताठ उभे! खालचा भुसा उडून त्याच्या स्वेटरला चिकटला. घाबरून त्याने लोखंडी टेबल धरलं आणि चट्‌! "आई गं!" मुलं खो खो हसली.

"म्हणून सांगत होतो, आधी ती पट्टी धरा," असं म्हणत मामांनी दाराजवळची तांब्याची पट्टी दाखवली. तिची तार थेट जमिनीत गेली होती.

ही करामत होती स्थिर विजेची. दोन वस्तू एकमेकींना घासल्या किंवा चिकटून सुटल्या, की त्यांच्यावर विजेचा भार साठतो. सुती कापड हवेतलं पाणी धरून ठेवतं, त्या ओलीतून भार निसटून जातो. पॉलिप्रोपिलिन पाणी धरतच नाही. मग भार जाणार कुठे? बसतो तिथेच. बोटाला असा चटका जाणवतो, तेव्हा सुमारे 3,000 व्होल्टचा दाब असतो. पण वीज अगदी थोडी, म्हणून इजा होत नाही.

"बाई, इजा होत नाही, तर मग एवढी काळजी कशाला?" एका मुलीने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. मी मुलांना जुनी हकीकत सांगितली. 1846 साली अमेरिकेत बोस्टनला मॉर्टन यांनी ईथरने गुंगी देऊन शस्त्रक्रिया करता येते हे सर्वांसमोर दाखवलं. ती मोठीच सोय झाली, पण ईथर पेट्रोलसारखं पेट घेतं. त्या काळी लोकरीच्या किंवा नायलॉनच्या कपड्यांवरची एवढीशी ठिणगीही स्फोटाला पुरे व्हायची. असे स्फोट झाले, माणसं दगावली. म्हणून पुढे ऑपरेशनच्या खोलीत वीज वाहून नेणारी फरशी आणि तसेच बूट आले. 1956 पासून हॅलोथेन हे न पेटणारं औषध वापरात आलं आणि हळूहळू ती भीती ओसरली.

आज ईथर नाही, तरी काळजी संपलेली नाही. भारलेला गाऊन धूळ आणि तंतू ओढून घेतो. उघड्या जखमेपाशी ते कसं चालेल? शिवाय तो अंगाला चिकटतो, घडीतून सुटत नाही.

मग उपाय काय? मामांनी एकेक दाखवला. यंत्रं तारेने जमिनीला जोडलेली. कापड पुढे सरकतं तिथे धातूची झालर, ती भार टिपून घेते. तिच्यापुढे एक दांडी, ती हवेत धन आणि ऋण असे दोन्ही कण सोडते. कापडावरच्या भाराला त्याचा जोडीदार मिळाला, की तो शांत! कोपऱ्यात बारीक वाफ सोडणारं यंत्र.

"मागावर होतो तेव्हा सुताचा धागा तुटू नये म्हणून हवेत ओल ठेवायचो," मामा हसले. "इथं ठेवतो ते चट्‌ होऊ नये म्हणून. काम बदललं, ओल काही सुटली नाही!"

गाऊनच्या कापडाला ओल धरणारा एक पातळ लेपही देतात. पण त्यात गंमत अशी, की ओल धरणारा लेप जास्त झाला तर कापड रक्तही शोषायला लागेल! म्हणून तो बेताने, बऱ्याचदा एकाच बाजूला देतात.

"म्हणजे स्थिर वीज वाईटच," आमच्या वीराने बोट चोळत निकाल दिला.

मामांनी एक मास्क कात्रीने कापला आणि मधला पांढरा थर काढला. "यातली वीज घालवायची नाही. उलट, मुद्दाम भरलेली आहे!" मास्कची जाळी फार दाट केली तर श्वास कोंडेल. म्हणून जाळी थोडी मोकळी ठेवतात आणि तंतूंवर टिकाऊ भार बसवतात. जाळीतून सुटू पाहणारे बारीक कण तो ओढून धरतो. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातील पीटर साय यांनी असा भार देण्याची एक पद्धत शोधली. तिचं पेटंट 1995 साली मिळालं. निवृत्त झाल्यावरही 2020 च्या साथीत, मास्क पुन्हा कसे वापरता येतील हे शोधायला ते परत कामाला लागले.

"आणि हा मास्क साबणाने धुतला तर?" मी विचारलं.

"दिसायला तसाच राहतो बाई, पण भार जातो. मग कण धरणार कोण?"

मी गप्प झाले. 2020 मध्ये घरी सासूबाई आजारी होत्या. मी रोज रात्री माझा मास्क साबणाने स्वच्छ धुऊन दोरीवर वाळत घालत असे आणि सकाळी तोच लावून त्यांच्याजवळ बसत असे. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. पण मी स्वच्छता समजून मास्कची ताकदच धुऊन टाकत होते, हे मला त्या शेडमध्ये कळलं. मुलांनाही मी ते तिथेच सांगितलं. बाईंचंही चुकतं, हे त्यांना कळायला हवं.

परतीच्या एसटीत तीच मुलगी म्हणाली, "बाई, वीज चांगली की वाईट असं नाहीच. गाऊनवर नको, मास्कमध्ये हवी."

मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. कोरडा कंगवा कोरड्या केसांवरून फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. हाच प्रयोग पावसाळ्यात पुन्हा करा. फरक दिसला, की वहीत लिहून ठेवा आणि मामांच्या शेडमधली ती वाफ आठवा!