धांव आणि पडवी

प्रवासास निघणारा मनुष्य वाहन निवडतो, असा आपला समज असतो. वस्तुतः ती निवड वाटेनें आधींच करून ठेवलेली असते. आपण ती ओळखावयाची एवढेंच. हें तत्त्व मला कोणत्याही ग्रंथांत सांपडलें नाहीं. साठी उलटल्यावर, पुतण्याच्या मोटारीचीं चाकें निवडतांना, मांजर्लीच्या आमच्या अंगणांत बसून तें मला उमगलें.

मांजर्ली हा बदलापूरच्या पश्चिमेकडील भाग. एके काळीं भातशेतीचें असलेलें हें स्थळ आतां उंच उंच इमारतींनीं वेढून गेलें आहे; परंतु पावसाळा आला कीं उल्हास नदी आपला जुना हक्क विसरलेली नाहीं, हें येथील रहिवाशांस पुनः पुनः कळतें. २६ जुलै २००५ चा प्रलय आमच्या पिढीस विसरतां येणें शक्य नाहीं. आणि २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यानें वेढली जाऊन हजाराहून अधिक उतारूंना नावांतून बाहेर काढावें लागलें, हें वृत्त वाचकांनींही वाचलें असेल. गांवाच्या नांवाविषयीं लोक असें सांगतात कीं, पूर्वीं येथें वाटसरू थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून हें बदलापूर. भाषापंडित ह्या व्युत्पत्तीस काय म्हणतील तें म्हणोत. मला ती आवडते. पुढची वाट पाहून वाहन बदलावें, हा शहाणपणा तिच्यांत आहे.

आमच्या घरांत ह्या शहाणपणाची गरज दादांमुळें उत्पन्न झाली. दादा म्हणजे माझे वडील बंधु. वय वर्षें अठ्ठ्याहत्तर. तरुणपणीं त्यांनीं नाणेघाटांतील शिलालेखाविषयीं वाचलें, आणि तेव्हांपासून तें ठिकाण एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही त्यांची इच्छा. पण बहिणींचीं लग्नें, मुलांचीं शिक्षणें, वडिलांचें आजारपण ह्यांत तो योग येईना. निवृत्तीनंतर गुडघे दुखूं लागले. अखेर २०२३ च्या ज्येष्ठांत पुतण्यानें त्यांना आपल्या जुन्या मोटारींत बसविलें, आणि मुरबाडच्या रस्त्यावर मागची धांव फुटली. गाडी शेतांत उतरली. इतरांस खरचटण्यावर निभावलें. दादांच्या खांद्याचें हाड मोडलें. त्या दिवसापासून ते मोटारींत पाऊल टाकीनात. "नाणेघाट आतां पुढल्या जन्मीं," असें म्हणून त्यांनीं तो विषयच मिटविला.

टायरला मी धांव म्हणतों, ह्याचें पुतण्यास हंसूं येतें. माझ्या लहानपणीं लोहार बैलगाडीच्या चाकासाठीं लोखंडी धांव भट्टींत लाल करून ती चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. ती आकसून लांकडास घट्ट आवळून बसे. धांव सैल झाली तर आरे, तुंबा, कणा कितीही मजबूत असोत, गाडी वाटेंतच राही. लोखंडाच्या जागीं रबर आलें. बाकी न्याय तोच आहे.

फुटलेल्या धांवेची गोष्ट अशी. २०२२ सालीं ती एका दुकानदारानें 'नवी कोरी' म्हणून दिली होती. खांचा खोल, रंग काळाभोर. अपघातानंतर तिचा तुकडा मी घरीं आणून भिंगानें पाहिला, तों कडेवर लांबट चौकटींत चार आंकडे होते : ०८१३. त्यांचा अर्थ, २०१३ सालच्या आठव्या आठवड्यांत बनलेली. म्हणजे विकत घेतली तेव्हांच ती नऊ वर्षांची होती! रबर वापरावांचूनही म्हातारें होतें. ऊन, हवा आणि उष्णता ह्यांनीं तें ठिसूळ होऊन आंतून भेगाळतें. खांचांची खोली पाहून त्याचें वय कळत नाहीं. आम्हीं घरांतील सुशिक्षित म्हणविणारीं माणसें. पण ते चार आंकडे वाचण्याची तसदी कोणीं घेतली नव्हती. दुकानदाराचा दोष मोठा खरा, पण आमच्या अज्ञानावांचून तो फळास आला नसता.

गतवर्षीं पुतण्यानें फोर्स मोटर्सची 'गुरखा' गाडी घेतली. पुण्याचा हा कारखाना १९५८ पासून बजाज टेंपो ह्या नांवानें चाले. 'टेंपो' हा शब्द मराठींत रुजला तो त्याच्याच गाड्यांमुळें, आणि त्याची 'मॅटॅडोर' अनेक वाचकांच्या स्मरणांत असेल. ह्या नव्या गाडींत यंत्राचा जोर चारी चाकांस पोंचवितां येतो. ह्यासच 'फोर व्हील ड्राइव्ह' म्हणतात. आंत उचलून ठेवतां येणारी शय्या, शेगडी आणि पाण्याचें पिंप ठेवून तिचें फिरतें बिऱ्हाड करावयाचें, असा त्याचा बेत होता. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं अशा 'कॅराव्हॅन' पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे, असें तो मला समजावून सांगे. त्याच्या मनांतला हेतु मात्र एकच होता : दादांना पुन्हां गाडींत बसवावयाचें.

प्रथम प्रश्न आला चाकांचा. पुतण्यास चकचकीत मिश्रधातूचीं चाकें आणि त्यांवर अधिक रुंद धांवा हव्या होत्या. "काका, गाडी उंच होईल, चिखलांत अडणार नाहीं," असें तो म्हणे. मीं पाटी घेतली. मूळ धांवेवर २४५/७० आर १६ असें लिहिलेलें होतें. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा, त्या रुंदीच्या शेंकडा किती उंची कडेची, तो. 'आर' हें अक्षर रेडियल बांधणीचें. आणि शेवटचा आंकडा चाकाच्या व्यासाचा, इंचांत. त्रैराशिक येणाऱ्यास ह्यांत अवघड कांहींच नाहीं. मूळ धांवेचा एकंदर व्यास ७४९ मिलिमीटर आला. पुतण्याच्या मनांतील २६५/७० चा ७७७. फरक २८ मिलिमीटर, आणि गाडी उंच होणार ती त्याच्या निम्म्यानें, अवघी १४ मिलिमीटर! एवढ्यासाठीं वेगाचा कांटा मात्र खोटें बोलूं लागणार : तो ६० दाखवील तेव्हां गाडी ६२ हून अधिक वेगानें जात असेल. शिवाय चाक पुरतें वळवितांना रुंद धांव आंतल्या बाजूस घासण्याचा संभव निराळाच.

त्यांतच कायद्याची बाब होती. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें मूळ बांधणींत मनमानेल तसा बदल करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तो नियम कडक शब्दांत उचलून धरला आहे. अपघात झाल्यास विम्याचें भांडण उभें राहावयाचें. तेव्हां माप मूळचेंच ठेवावें, असें ठरलें.

चाकें मिश्रधातूचीं घ्यावींत कीं पोलादी, ह्यावर दोन दिवस वाद चालला. मिश्रधातूचें चाक दिसावयास सुरेख, आणि पुष्कळदां वजनासही हलकें; पण दगडावर जोरानें आपटल्यास तें तडकतें. पोलादी चाक वांकतें, आणि वांकलेली कड आडगांवचा कारागीरही ठोकून वेळ निभावून नेतो. आडवाटेला जाणाऱ्यानें मोडणाऱ्यापेक्षां वांकणारा सोबती बरा समजावा. पोलादी चाकें राहिलीं.

धांवांच्या जाती तीन : गुळगुळीत डांबरी रस्त्याची, चिखलाची आणि मिश्र वाटेची. चिखलाची धांव मोठमोठ्या ठोकळ्यांची. ती चिखलांत खंबीर, परंतु ओल्या डांबरावर तिची पकड उणी, आणि आवाजानें डोकें उठवील. आम्हांस शंभरांतले नव्वद कोस डांबरावरूनच जावयाचें. म्हणून मिश्र जातीची धांव घेतली. ह्यानंतर भाराचा आंकडा. मापापुढें १११ असा आंकडा असेल तर ती धांव १०९० किलो भार वाहूं शकते. १०० असेल तर ८०० किलो. माणसें, पिंप, शेगडी, अंथरुणें असा सारा संसार चढवून गाडी वजनकांट्यावर नेली, आणि मागच्या आंसावरील भार निराळा तोलून घेतला, कारण ओझें सर्व चाकांवर सारखें कधींच नसतें.

आणखी एक गोष्ट चारी चाकांस जोर देणाऱ्या गाडीचीच म्हणून सांगतों. असा जोर लावला कीं पुढचीं व मागचीं चाकें एका गतीनें फिरविलीं जातात. एक जोडी झिजून लहान झालेली आणि दुसरी नवी असली तर आंतल्या दंतचक्रांवर उगाच ताण पडतो. म्हणून पांचवें, म्हणजे जादा चाकही त्याच मापाचें घ्यावें आणि पांचांची अदलाबदल करीत राहावें, म्हणजे सर्वांची झीज सारखी होते. एकत्र कुटुंबांतही ओझें असेंच आळीपाळीनें वाहावें लागतें, हें गृहिणींस सांगणें नको.

आतां पडवीविषयीं. गाडीच्या टपाच्या कडेस गुंडाळलेलें कापड ओढून, दोन खांबांवर ताणून जें छत उभें राहतें, तें मला आमच्या जुन्या घराच्या पडवीसारखें वाटलें. पुतण्यानें एका परदेशी सचित्र पुस्तकावरून ती टपाच्या उजव्या बाजूस बसविण्याचें योजिलें होतें. तिकडे वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें जातात, आपल्याकडे डाव्या. त्याच्या बेताप्रमाणें आमची पडवी धांवत्या वाहनांच्या तोंडीं उघडली असती! वहिनींनीं चित्र पाहतांच विचारलें, "मी स्वयंपाक काय ट्रकांच्या मध्यें बसून करूं?" पडवी डावीकडे आली.

पेटींत बसणाऱ्या भारी छतापेक्षां साधें हलकें कापड घेतलें, कारण टपावरचें प्रत्येक किलो गाडीस वळणावर अधिक कलंडवितें. आषाढांत त्याची परीक्षा करावयास आम्हीं दोघे मुळगांववरून बारवी धरणाच्या बाजूस गेलों. डोंगर ढगांत बुडालेले, भातखाचरांत लावणी चाललेली, ओहळ रस्त्यावरून वाहत होते. एका सपाट जागीं पडवी ताणून आम्हीं चहा ठेवला. पाऊण तासांत कापडाच्या मध्यभागीं पाण्याचा डोह सांचला, आणि खांब सरकून तो सारा शेगडीवर कोसळला. हिशेब मागाहून केला : अडीच मीटर लांब व दोन मीटर रुंद कापडावर सरासरी एक सेंटिमीटर पाणी सांचलें तरी तें पन्नास किलो होतें. ज्यानें छपराला उतार दिला तो आमचा कोंकणी पूर्वज हें न शिकतां जाणत होता. तेव्हांपासून बाहेरच्या दोन खांबांपैकीं एक हातभर खालीं ठेवतों, म्हणजे पाणी त्या कोपऱ्यानें निथळून जातें. दोऱ्या आणि मेखा नेहमीं बांधतों; आणि वारा सुटला कीं अभिमान न धरतां पडवी गुंडाळतों.

ही सर्व सिद्धता दादा ओटीवरून पाहत होते. बोलत मात्र नव्हते. भाद्रपदांत एके सकाळीं ते काठी टेकीत अंगणांत आले आणि माझें भिंग मागितलें. एकेका चाकापाशीं वांकून त्यांनीं ते चार आंकडे स्वतः वाचले. चार चाकें झाल्यावर म्हणाले, "पांचव्याचेंही दाखव." पुतण्यानें जादा चाक दाखविलें. दादा सावकाश उभे राहिले. "सगळ्या याच वर्षींच्या आहेत," ते म्हणाले. "केव्हां निघावयाचें?" वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला.

बारवीवरून मुरबाड, पुढें माळशेज घाट चढून जुन्नर, आणि तेथून घाटघरमार्गे नाणेघाट असे आम्हीं गेलों. शेवटच्या कच्च्या वाटेवर पावसानें चिखल केला होता. तेथें पुतण्यानें धांवांतील हवा थोडी कमी केली, चारी चाकांस जोर दिला, आणि गाडी पायीं चालणाऱ्याच्या गतीनें पार नेली. दादांनीं खिडकीची कड घट्ट धरलेली मीं पाहिली. परंतु ते 'थांब' म्हणाले नाहींत. माथ्यावर पोंचतों तों धुकें आणि पाऊस. मग डावीकडे पडवी उघडली, एक कोपरा खालीं केला, आणि वहिनींनीं पिठलें-भात केला. दोन तास आम्हीं तेथें बसलों. पूर्वींच्या मोटारींत असतों तर कंटाळून मागें फिरलों असतों.

पाऊस ओसरल्यावर दादांना धरून आम्हीं जकातीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या दगडी रांजणापाशीं नेलें. दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणपट्टींतील बंदरांचा माल ह्याच घाटानें जुन्नरकडे जाई. पण तो चाकांवर नव्हे, जनावरांच्या पाठीवर. ह्या खिंडींत चाक चालणार नाहीं, हें जाणून सातवाहनांच्या काळच्या व्यापाऱ्यानें गाडी खालीं सोडली आणि गोणी लादली. त्यानेंही वाट पाहूनच वाहन बदललें. खालच्या गुहेंतील ब्राह्मी लेखांत राणी नागनिकेच्या काळचे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती ह्यांची दक्षिणा आंकड्यांसह कोरलेली आहे. तेथवर उतरणें दादांच्या गुडघ्यांस शक्य नव्हतें. मी व पुतण्या जाऊन आलों.

"अक्षरें आहेत ना जागेवर?" दादांनीं विचारलें.

"आहेत. झिजलीं आहेत, पण आहेत."

ते रांजणाच्या कांठावर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

परत आल्यावर चिखलाची वाट सोडून डांबरी रस्ता लागतांच पुतण्यानें धांवांत पुन्हां पुरती हवा भरली. कमी हवेच्या धांवेनें वेगानें जाणें म्हणजे ती तापवून फोडणेंच होय. रात्रीं मांजर्लीस पोंचलों. दादा गाडींतून उतरले, आणि ओटीवर जाण्यापूर्वीं पुतण्यास म्हणाले, "त्या आंकड्यांची वहींत नोंद करून ठेव. दर वर्षीं वाचीत जा." दुसऱ्या दिवशीं मीं पाहिलें, ती नोंद त्यांनीं स्वतःच करून ठेवली होती, पांचही चाकांची.