तिसरे शरण

त्रिशरणातील पहिली दोन शरणे समजावून सांगता येतात. तथागत हे मार्गदाते आणि धम्म हा मार्ग, हे लहान मुलासही पटते. तिसरे शरण मात्र नुसते सांगून कळत नाही. संघ या शब्दाचा मूळ अर्थ भिक्खूंचा समुदाय असला, तरी आपण उपासक-उपासिका तो उच्चारतो तेव्हा आपल्यासमोर आपल्यासारखीच माणसे उभी असतात. ती चुकणारी असतात, रागावणारी असतात, प्रसंगी आपला हेवा करणारीही असतात. बुद्धमूर्तीपुढे मस्तक नमविणे सोपे आहे. शेजारी बसलेल्या माणसाची आपल्याला गरज आहे, हे मान्य करणे अवघड आहे. या शाळेने आम्हां माजी विद्यार्थ्यांना पुष्कळ काही दिले. पण सर्वांत मोलाचे काय, असे कोणी विचारले तर आम्ही या तिसऱ्या शरणाचा अर्थ, असेच उत्तर देऊ.

आम्ही येथे आलो तेव्हा प्रत्येकाजवळ एक लोखंडी पेटी, एक वाकळ आणि घरची बोली एवढेच होते. कोणाचे आईवडील ऊसतोडीला जात, कोणाचे शेतमजुरी करीत, कोणी मुंबईच्या चाळीतून आला होता. वसतिगृहाच्या ओट्यावर एक तक्ता टांगलेला असे. पाणी भरणे, व्हरांडा झाडणे, पंगतीत वाढणे, भांडी घासणे, विहारात दिवे लावणे, अशा सर्व कामांच्या पाळ्या त्यावर लिहिलेल्या असत. हुशार मुलाला वेगळी पाळी नव्हती आणि देणगीदाराच्या नातेवाइकालाही नव्हती. संध्याकाळच्या वंदनेत जी मुले एका सुरात त्रिशरण-पंचशील म्हणत, तीच मुले तासाभराने राखेने ताटे घासताना एकमेकांशी भांडत. धम्म विहारात संपत नाही, भांड्यांच्या ढिगाऱ्यापर्यंत त्याला यावे लागते, हे आम्ही तेथे शिकलो.

आमच्यातील एकास विषमज्वर झाला, तेव्हा त्याचे गाव दूर होते आणि पावसाने रस्ते बंद होते. त्या रात्री भन्तेजींनी आम्हांस विनयपिटकातील एक प्रसंग सांगितला. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता व स्वतःच्या घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणविले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून शय्येवर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून त्यांनी विचारले की, येथे तुमची शुश्रूषा करावयास आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? अकरा-बारा वर्षांच्या, आई जवळ नसलेल्या मुलांना या प्रश्नाचे स्पष्टीकरण लागले नाही. दुसऱ्या दिवशी तक्त्यावर एक नवी पाळी लिहिली गेली. मित्राच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवण्याची ती पाळी आम्ही तीन आठवडे केली.

वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेला, प्रवारणा होत असे. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू या दिवशी परस्परांस विनंती करतात की, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने सांगावा. भन्तेजी आमच्याकडूनही हे करवून घेत. दहावीतील मोठा मुलगा पाचवीतील लहानग्यापुढे हात जोडून बसे. लहानगा घाबरत सांगे की, दादा रांग मोडून पहिली भाकरी घेतो. दादाला ते ऐकून घ्यावे लागे. आज माणूस आपले शंभर फोटो काढून त्यातील एक निवडतो आणि तो पाहून इतरांनी वाहवा करावी एवढीच अपेक्षा ठेवतो. अशा काळात आपला दोष दाखवा, अशी विनंती दुसऱ्याला करणारी ही परंपरा आम्हांला अधिकच मोलाची वाटते. मनुष्य स्वतःकडे कितीही निरखून पाहो, त्याला स्वतःची पाठ दिसत नाही. ती दुसऱ्यालाच दिसते.

येथे एक शंका रास्त आहे. समूहाचे गुणगान आपण कोणत्या तोंडाने करावे? गावगाडा हाही समूहच होता. त्याच समूहाने आमच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यावरून हाकलले. ज्यांना शतकानुशतके 'मी' म्हणण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या नातवंडांना 'मी' सोडा असा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. आम्ही तो करीत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा प्रत्येक माणूस 'मी माणूस आहे' असेच सांगत होता. स्वाभिमान आणि आत्ममग्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वाभिमानी माणूस ताठ उभा राहतो, म्हणून त्याला शेजारचा दिसतो. आत्ममग्न माणसाची मान खाली, हातातील पडद्यावर झुकलेली असते.

जातीचा समूह आणि संघ यांतील फरक उपालीच्या कथेत स्पष्ट होतो. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यावयास निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपाली होता. आमच्याआधी उपालीस दीक्षा द्यावी, अशी विनंती राजकुमारांनीच भगवंतांना केली. म्हणजे तो ज्येष्ठ ठरेल, त्याला आम्ही वंदन करू आणि आमचा कुलाभिमान गळून पडेल. संघात ज्येष्ठता जन्माने नव्हे, दीक्षेच्या क्रमाने ठरत असे. जात माणसाला जन्मतःच कोंडते. संघात माणूस समजून-उमजून प्रवेश करतो. म्हणूनच आमची श्रद्धा डोळे मिटून ठेवलेली श्रद्धा नव्हे. ऐकीव गोष्टींवर, परंपरेवर वा ग्रंथात आहे म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून पाहा, हे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याची ती श्रद्धा आहे. आम्ही पारखले ते पंगतीत आणि आजारी मित्राच्या उशाशी.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात धम्म हा मूलतः सामाजिक आहे, असे प्रतिपादन केले. एकटाच मनुष्य असेल तर त्याला धम्माची आवश्यकता नाही. दोन माणसे परस्परांच्या संबंधात आली की धम्मावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा आशय आहे. त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी प्रश्न विचारला होता की, भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य व्हावा की समाजसेवक व्हावा? हा प्रश्न आज आपणा उपासकांनाही लागू आहे. दहा दिवसांचे शिबिर करून आलेला माणूस शांत होतो, ही चांगली गोष्ट आहे. पण ती शांती घराचे दार लावून भोगावयाची असेल, तर ध्यान हेही स्वतःला कुरवाळण्याचे एक साधन होऊन बसेल. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भदन्त चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि लगेच लाखो लोकांकडे वळून त्यांना स्वतः त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा दिल्या. एकट्याने मुक्त होऊन परत जाणे त्यांना मान्य नव्हते. त्याआधीही, 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. शिकावे तर एकत्र राहून शिकावे, हा विचार आमच्या चळवळीत इतका जुना आहे.

या सर्वाचा कस तीन वर्षांपूर्वी लागला. आमच्या तुकडीतील एक मित्र मोठ्या शहरात चांगल्या नोकरीवर होता. तो रोज सकाळी न चुकता आमच्या व्हॉट्सॲप गटावर 'जय भीम' लिहीत असे. एके सोमवारी ते आले नाही, मंगळवारीही नाही. परभणीकडे शिक्षक असलेल्या दुसऱ्या मित्राच्या हे ध्यानात आले. फोन कोणी उचलेना, तेव्हा दोघे जण रात्रीच्या गाडीने निघाले. मित्राची नोकरी गेली होती, पत्नी मुलांसह माहेरी होती आणि तो चार महिने खोट्या उत्साहाने आम्हांस अभिवादन करीत होता. समोरच्या फ्लॅटमधील गृहस्थांस त्याचे नावही ठाऊक नव्हते. "सांगून काय होणार होते रे?" एवढेच तो म्हणाला. परभणीच्या मित्राने काही उत्तर दिले नाही. त्याने कागद घेऊन तक्ता आखला: कोणत्या रविवारी कोणी यायचे, डॉक्टरांकडे कोणी न्यायचे, मुलांची फी कोणी पाहायची. आठ महिने तो तक्ता चालला. आज तो मित्र एका लहान कारखान्यात हिशेब पाहतो. पूर्वीचा पगार नाही. पण मुले घरी आली आहेत आणि तो हसतो.

तेव्हापासून दर पौर्णिमेला आम्ही एकेकाच्या घरी जमतो. वंदना होते, जेवण होते, कोण आजारी आहे, कोणाचे मूल परीक्षेत अडले आहे, याची विचारपूस होते. यात अद्भुत काही नाही. मात्र आम्हांला चिंता आहे ती पुढची. आम्हांला गरिबीने एका पंगतीत बसविले. आमच्या मुलांना स्वतंत्र खोली, स्वतंत्र फोन आणि स्वतंत्र जेवणाची वेळ आहे. ही सुखे त्यांनी टाकून द्यावीत असे आम्ही म्हणणार नाही. ती त्यांना मिळावीत म्हणूनच आमच्या आईवडिलांनी कोयते चालविले. परंतु एखाद्या सकाळी त्यांचा निरोप आला नाही, तर ते ध्यानात येईल असा कोणी त्यांच्याही आयुष्यात असावा. असा माणूस पैशाने मिळत नाही. त्याच्यासोबत कधीतरी भांडी घासलेली असावी लागतात.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे. येत्या आश्विन पौर्णिमेला आपल्या मुलाबाळांसह दोन दिवस शाळेत राहावयास यावे. झोपणे सतरंजीवर, जेवण पंगतीत आणि संध्याकाळी प्रवारणा, असा साधा कार्यक्रम आहे. मुले पहिल्या दिवशी कुरकुर करतील. आम्हीही केली होती. पाळ्यांचा तक्ता वसतिगृहाच्या त्याच ओट्यावर टांगलेला आहे. आपापली नावे अधीक्षकांकडे आधी कळवावीत, म्हणजे भांडी घासण्याच्या पाळीत माणसे कमी पडणार नाहीत.