यंत्र कोणासाठी?



स्मरणिकेसाठी ‘आपले अनुभव लिहा’ असे संपादक मंडळाने सुचविले. आनंदाच्या आठवणी माझे सहकारी लिहितीलच. मी मात्र माझ्या एका चुकीविषयी लिहिणार आहे, कारण त्या चुकीने मला पुन्हा विद्यार्थी केले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आपले वसतिगृह ओस पडले. त्याच वर्षी एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. ते दरवर्षी ऊसतोडीला जातात. टॅबलेटवरचा अभ्यासक्रम विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस त्यांच्या घरी आला होता. हप्त्यांची सोय होती. ‘‘सर, तुम्ही म्हणाल तसं करतो,’’ ते म्हणाले. मी किंमत विचारली नाही, करारात काय लिहिले आहे तेही विचारले नाही. ‘‘घ्या दादा, शिक्षणावरचा पैसा वाया जात नाही,’’ असे सांगून मोकळा झालो.

मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून त्यांनी हप्ते भरले. वस्तीवर नेटवर्क मिळत नसे. मुलगा टॅबलेट घेऊन माळावर जाऊन बसे. वर्ष सरताच नवे शुल्क मागण्यात आले आणि धडे बंद झाले. उचल मात्र फिटायची होती. ती कोयत्यानेच फिटली. शाळा सुरू झाल्यावर मुलगा परत आला. वडिलांनी मला कधी दोष दिला नाही. माझ्या शब्दावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मी न वाचलेल्या करारात ढकलले, ही टोचणी अजून गेलेली नाही.

पहिला राग आला तो यंत्राचा. ‘मोबाईलने वाटोळे केले’ असे मीही वर्गात बोलू लागलो. मग बाबासाहेबांचे १९४५ चे काँग्रेस आणि गांधींविषयीचे इंग्रजी पुस्तक पुन्हा काढले. त्यातील गांधीवादावरील प्रकरणात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्रामुळे माणसाला उसंत मिळते आणि उसंतीवाचून संस्कृती घडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. यंत्राचा लाभ सर्वांना मिळत नसेल, तर दोष यंत्राचा नव्हे. तो लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा. उपाय यंत्र मोडण्याचा नाही, रचना बदलण्याचा आहे. एम.ए.ला असताना हे मी परीक्षेपुरते वाचले होते. माळावर बसलेल्या त्या मुलामुळे ते मला कळले.

बाबासाहेब हे केवळ लिहून थांबले नाहीत. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत जो एकदिवसीय संप झाला, त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उभा होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. त्यानंतर यंत्रे किती वेगवान झाली! त्या हिशेबाने माणसाची उसंत वाढायला हवी होती. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाचे काम ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील, असे सांगितले जाते. पण फाटकाबाहेर दुसरा बेकार उभा असताना ‘नाही’ म्हणण्याचे बळ कोणत्या कामगारात असते?

आपले काही माजी विद्यार्थी शहरांत दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवतात. त्यांच्या बापांना मुकादमाचे तोंड तरी दिसत असे. त्याच्याशी भांडता येत असे. मुलांचा मुकादम मोबाईलमध्ये बसला आहे. आज दर का घसरला, हे विचारायचे कोणाला?

याच मोबाईलने मुलांच्या मनात युद्ध कसे रुजवले, तेही सांगितले पाहिजे. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस संघर्ष झाला. त्या दिवसांत संगणकावरील खेळांची दृश्ये खरे युद्ध म्हणून फिरत होती. जितका वेळ आपण पाहत राहू, तितकी कोणाची तरी कमाई वाढते. त्यामुळे खऱ्याखोट्याची निवड करण्याची घाई कोणालाच नव्हती. सुटीनंतर वसतिगृहात परतलेला एक चुणचुणीत मुलगा मला म्हणाला, ‘‘सर, लवकरच संपलं युद्ध.’’ पावसामुळे क्रिकेटचा सामना थांबावा, तशी हळहळ त्याच्या स्वरात होती. सीमेवरच्या गावांत माणसे मेली होती. आपल्याच वस्त्यांतील पोरे सैन्यात आहेत. तरीही त्याला आणखी हवे होते.

मी त्याला रागावलो नाही. वर्गात अशोकाचा तेरावा शिलालेख शिकवला. कलिंगातून दीड लाख माणसे हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मेली, असे जिंकणाऱ्या सम्राटाने स्वतः कोरून ठेवले आहे. विजयाच्या आकड्यांपुढे पश्चात्ताप लिहिणारा राजा इतिहासात विरळाच. मग मुलांना सांगितले की, हा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, कोरलेला नाही. तिथे त्याऐवजी सर्व माणसे मला माझ्या लेकरांसारखी आहेत, अशा आशयाचे वेगळे लेख आहेत. तोच मुलगा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘‘सर, ज्यांची माणसं मेली, त्यांना आकडे वाचून दाखवायची लाज वाटली असेल.’’ इतिहासकार काय म्हणतील ते म्हणोत, मला त्या दिवशी पगार वसूल झाल्यासारखे वाटले.

राजकारणाविषयी काय लिहावे? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन इशारे दिले होते. राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा एक. आणि एका मताची समता सामाजिक व आर्थिक विषमतेवर फार काळ तग धरणार नाही, हा दुसरा. आपण दर जयंतीला हे भाषण ऐकतो आणि बाहेर येऊन आपापल्या गटाच्या नेत्याच्या फ्लेक्सखाली उभे राहतो. सत्ताधाऱ्यांवर टीका करताना हे आपणही विसरू नये.

माझ्या हाती मोठी सत्ता नाही. हाती आहे तो एक वर्ग आणि पालकांचा विश्वास. म्हणून त्या घटनेनंतर आम्ही एक प्रथा सुरू केली. शिक्षणाच्या नावाखाली कोणी काही विकायला आले, तर पालकांनी सही करण्याआधी तो कागद शाळेत आणावा. आम्ही तो मराठीत, मोठ्याने, प्रत्येक कलमासह वाचून दाखवतो आणि मग विचारतो : यात फायदा कोणाचा, माहिती कोणाकडे जाणार, आणि पैसे थकले तर काय होणार? माजी विद्यार्थ्यांपैकी वकील, बँक कर्मचारी आणि संगणक अभियंते असलेल्यांनी महिन्यातून एक दिवस या कामासाठी द्यावा, अशी माझी विनंती आहे.

मागच्या पालकसभेत ऊसतोडीला जाणारे ते दादाही आले होते. एक कागद पुढे करून म्हणाले, ‘‘सर, या वेळी आधी वाचू.’’ आम्ही दोघांनी तो मिळून वाचला. सही केली नाही.