अनशेपोटीची गोळी
सकाळी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी थायरॉक्सीनची इवलीशी गोळी पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा-पाऊण तास मुखात काही घालू नये, असा आता माझ्या दिनक्रमाचा शिरस्ता झाला आहे. चहावाचून ज्यांची पहाट उजाडत नाही, अशा आम्हा सुलतानपूरकरांना हे फर्मान प्रथम जाचकच वाटते.

मेहकरला करविलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर कंठातील थायरॉइड ग्रंथीतल्या गाठींची लांबी-रुंदी अशी चोख नोंदली आहे, की तलाठ्याच्या दप्तरातील सातबाऱ्याची आठवण व्हावी. गाठ म्हटली की मन थेट कर्करोगापर्यंत धाव घेते. वस्तुतः बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात, आणि संशय आलाच तर बारीक सुईने पेशी काढून तपासता येतात. गोळी गाठी विरघळविण्यासाठी नसून ग्रंथीच्या उणिवेची भरपाई करण्यासाठी आहे, हे उमगल्यापासून आरशापुढे गळा चाचपण्याचा माझा उद्योग थांबला.

१९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी जो थायरॉक्सीन हा अंतःस्राव शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि १९२७ साली ब्रिटनमध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी जो प्रयोगशाळेत घडविला, तोच आज आमच्या लोणार तालुक्यातील माणसालाही माफक किमतीत लाभतो, हे केवढे भाग्य!

ज्यांना हे औषध नव्याने सुरू झाले आहे, त्यांनी सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे, कॅल्शियम वा लोहाच्या गोळ्या त्यापासून चार तास दूर ठेवाव्यात, आणि बरे वाटले म्हणून परस्पर औषध बंद करू नये.