बंद करायचा हक्क कुणाचा?

दोस्तांनो, लोकलच्या डब्यातली धोक्याची साखळी तुम्ही पाहिली असेलच. गंमत बघा, गाडी चालवायचा हक्क फक्त मोटरमनचा. आपण कितीही हुशार असलो तरी त्याच्या केबिनमध्ये आपल्याला प्रवेश नाही. पण गाडी थांबवायला लावायचा हक्क मात्र डब्यातल्या अगदी साध्या प्रवाशालाही दिलेला असतो! अट एकच, कारण सबळ हवं. कारण नसताना साखळी ओढणं हा १९८९च्या रेल्वे कायद्यात गुन्हा ठरवलेला आहे.

म्हणजे चालवणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. एवढी साधी गोष्ट कळायला आमच्या सोसायटीत एक मोठं भांडण व्हावं लागलं. भांडण होतं संगणकावरून.

आमची सोसायटी मुलुंडची. तळमजल्यावर मुलांची अभ्यासिका आहे. २०१२ साली तिथे कुणीतरी आपला जुना संगणक दिला. त्यावर लिनक्स बसवलं होतं. त्यात दोन खाती होती. एक मुलांचं, दुसरं सेक्रेटरीकाकांचं. मुख्य पासवर्ड एकट्या काकांकडे. सोसायटीचा हिशेबही ते त्याच संगणकावर लिहीत. मी दर रविवारी मुलांना संगणक शिकवायला जात असे.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी वीज गेली. संगणकाला जोडलेला यूपीएस पीं पीं करू लागला. त्याची बॅटरी म्हणजे जेमतेम काही मिनिटांचा खेळ. तिथे बसलेल्या नववीतल्या मुलीनं शहाणपणा केला. आपलं काम साठवलं आणि ‘बंद करा’वर टिचकी मारली. तर संगणक म्हणतो, ‘दुसरं कुणीतरी आत आहे, मुख्य पासवर्ड द्या!’ खोलीत तर ती आणि दोन लहान मुलं. दुसरं कोण असणार? तिनं काकांना फोन लावला. काका गर्दीच्या गाडीत, फोन उचलणार कसा? यूपीएस थकला, पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होईना. काकांनी आदल्या दुपारी लिहिलेल्या हिशेबाच्या नोंदीही गेल्या. झालं! “पोरांनी मस्ती केली, प्लग उपटला,” असं जो तो म्हणू लागला. मुलांना अभ्यासिकेतल्या संगणकाची बंदी झाली. ती मुलगी रडकुंडीला आली. “काका, मी खरंच प्लगला हात लावला नाही हो!” पण ऐकतं कोण?

मला बोलावणं आलं. आधी डिस्कची तपासणी करून संगणक उभा केला. मग त्याची रोजनिशी उघडली. हो, संगणकही रोजनिशी लिहितो बरं का! कोण केव्हा आत आलं, कुणी काय मागितलं, कुणाला नकार मिळाला, याची नोंद त्यात असते. तिथे स्पष्ट दिसलं, मुलांच्या खात्यातून बंद करायची परवानगी तीनदा मागितली गेली आणि तिन्ही वेळा नकार मिळाला. आणि आत असलेलं ते ‘दुसरं कुणीतरी’ कोण? खुद्द सेक्रेटरीकाका! आदल्या दुपारी खात्यातून बाहेर न पडताच ते निघून गेले होते.

मग संगणक मूर्ख होता का? मुळीच नाही. त्याच्या हट्टाला इतिहास आहे. आपल्या पवईच्या आय.आय.टी.त १९७०च्या दशकात ईसी-१०३० नावाचा सोव्हिएत बनावटीचा भलामोठा संगणक होता. त्या काळी एका यंत्रावर अनेकांची कामं चालत. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. तीही पुढे एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावं अशीच व्यवस्था झाली. एकानं यंत्र बंद केलं तर बाकीच्या सगळ्यांचं काम बुडणार! म्हणून बंद करायची आज्ञा फक्त मुख्य व्यवस्थापकाच्या हाती ठेवली. लिनक्सनं वळण घेतलं ते युनिक्सचंच.

पण अभ्यासिकेतला संगणक तसा नाही. त्याच्यापुढे एका वेळी एकच जण बसतो, आणि त्याचा प्लग बसणाऱ्याच्या पायाशीच असतो. ज्याचा हात प्लगपर्यंत पोचतो, त्याला संगणक बंद करता येतोच. प्रश्न फक्त नीट बंद होणार की वाईट रीतीनं, एवढाच! संगणक पुष्कळदा लिखाण आधी पाटीवर घेतो आणि मग सवडीनं वहीत उतरवतो. पाटी म्हणजे त्याची तात्पुरती स्मृती आणि वही म्हणजे डिस्क. बंद करायची आज्ञा मिळाली की तो ही उतरवण्याची कामं आधी पुरी करतो, वही मिटतो आणि मगच झोपतो. वीज अचानक तुटली की पाटी पुसली जाते आणि वही अर्ध्या ओळीवरच थांबते. काकांच्या न साठवलेल्या नोंदी कशाही गेल्याच असत्या. पण वही तरी शाबूत राहिली असती.

हा फरक मोठमोठ्या कंपन्यांनीही ओळखला आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये ‘संगणक बंद करणे’ हा एक स्वतंत्र हक्कच असतो. घरातल्या किंवा ऑफिसातल्या टेबलावरच्या संगणकात तो साध्या वापरणाऱ्यालाही मिळतो. अनेकांना सेवा देणाऱ्या सर्व्हरवर मात्र मिळत नाही.

सोसायटीच्या सभेत मी रोजनिशीतली ती पानं वाचून दाखवली. कुणी म्हणालं, “पोरांना मुख्य पासवर्ड देऊन टाका.” छे! ते म्हणजे प्रवाशाला मोटरमनच्या केबिनची किल्ली देण्यासारखं झालं. मुख्य पासवर्डानं कुणाचीही फाइल उघडता येते, पुसता येते. त्याची गरजच नाही. लिनक्समध्ये एका गटाला नेमकी एकच गोष्ट करू देता येते. ‘सुडो’ नावाची सोय १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो इथल्या विद्यापीठात तयार झाली, ती अशाच कामासाठी. आम्ही मुलांच्या खात्याला एकच आज्ञा दिली, बंद करण्याची. तीसुद्धा एक मिनिटाची सूचना देऊन, म्हणजे आत कुणी काम करत असेल तर त्याला आपलं काम साठवता येईल. आणि शेजारी एक वही ठेवली. कुणी, केव्हा आणि का बंद केला, ते त्यात लिहायचं.

काका सभेतच उठले आणि त्या मुलीला म्हणाले, “बेटा, तू बरोबर केलंस. जाताना बाहेर पडायला मीच विसरलो होतो.” वहीतली पहिली नोंद तिच्याच अक्षरात आहे, ‘वीज गेली म्हणून.’

तुमच्या शाळेत किंवा वाचनालयात असा सर्वांचा संगणक असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा. वीज गेली आणि मोठं माणूस जवळ नसलं, तर तो नीट बंद करायची मुभा आम्हाला आहे का? आणि हो, आपलं काम झालं की खात्यातून बाहेर पडायला विसरू नका हं!